बार एकपर्यंत, मेट्रो अकरापर्यंत

बेंगळुरूत बारना रात्री एक वाजेपर्यंत परवानगी आहे आणि शेवटची मेट्रो अकराच्या सुमारास सुटते. पिऊन गाडी चालवणाऱ्यांना आवर कसा घालायचा, यावर या शहरात पुष्कळ बोललं जातं. पण या दोन तासांचं काय करायचं, हे कोणी बोलत नाही. मी मूळची बेळगावची, दक्षिण बेंगळुरूतल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात डॉक्टर आहे. शुक्रवार-शनिवारी मध्यरात्रीनंतर आमच्याकडे कोण येतं, ते मी पाहते. हेल्मेट कोपराला अडकवून निघालेली विशी-पंचविशीतली मुलं येतात, आणि ज्याने थेंबही घेतलेला नाही असा, नुसता रस्ता ओलांडणारा माणूसही येतो.

पिऊन दुचाकी चालवणारा फार तर स्वतःचा जीव धोक्यात घालतो, अशी एक समजूत आहे. 24 ऑक्टोबर 2025 च्या पहाटे कर्नूलजवळ काय झालं, ते आठवा. मद्य घेतलेला एक दुचाकीस्वार आपटून मेला. त्याची रस्त्यात पडलेली मोटारसायकल हैदराबादहून बेंगळुरूला येणाऱ्या बसखाली आली, बसने पेट घेतला आणि 19 प्रवासी जळून गेले. झोपेत असलेल्या त्या माणसांचा काय दोष होता?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली. त्यांतले मद्य किंवा अमली पदार्थांमुळे झालेले मृत्यू जेमतेम अडीच टक्के दाखवले आहेत. या आकड्यावर माझा विश्वास नाही. जखमीला स्ट्रेचरवरून उतरवतानाच नातेवाईक हात जोडतात, ‘‘डॉक्टर, दारूचं तेवढं लिहू नका, विमा मिळणार नाही.’’ मग कागदावर कारण उरतं ते भरधाव वेगाचं. शिवाय 100 मिलिलिटर रक्तातलं मद्य तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने उतरतं. कायद्याची मर्यादा तेवढ्याच रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे. नमुना घ्यायला तीन-चार तास गेले, तर पुरावा शरीरातच विरून जातो. पुण्यात 19 मे 2024 च्या पोर्श अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. माझ्या व्यवसायाला मान खाली घालायला लावणारी ही गोष्ट आहे. म्हणून माझी पहिली मागणी आमच्याच दारातली आहे. अपघातातल्या प्रत्येक जखमी चालकाचं रक्त पहिल्या तासात घेतलं जावं आणि नमुना सीलबंद होऊन नोंदीसह प्रयोगशाळेत जावा. हे कोणाच्या विनवणीवर किंवा ओळखीवर अवलंबून राहू नये.

सप्टेंबर 2019 पासून पिऊन गाडी चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. शिक्षा कमी नाही. कमी आहे ती पकडले जाण्याची खात्री. नाकाबंदी नेहमीच्या चौकांत लागते आणि ती लागल्याची बातमी मोबाइलवरून मिनिटात पसरते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर 1982 मध्ये वेगळी पद्धत सुरू केली. थांबवलेल्या प्रत्येक चालकाची श्वासतपासणी, मग तो शुद्धीत दिसो वा न दिसो. ठिकाण आणि वेळ सतत बदलती. अपघाती मृत्यू लक्षणीय घटले.

तपासणी सकाळीही हवी. मध्यरात्री ज्याच्या रक्तात 150 मिलिग्रॅम मद्य आहे, त्याच्या रक्तात सकाळी सातला साधारण 45 मिलिग्रॅम शिल्लक असतं. तो आंघोळ करून, कॉफी पिऊन निघाला तरी कायद्याने नशेतच असतो. बेंगळुरूच्या वाहतूक पोलिसांनी सकाळच्या मोहिमांत शाळेच्या बसचे चालक नशेत पकडले आहेत, ते यामुळेच. अशी मोहीम अधूनमधून नको, आठवड्याचा नेम हवा.

गांजा आणि एमडीएमएसारखे अमली पदार्थ श्वासतपासणीच्या यंत्राला दिसत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये अमली पदार्थही येतात, पण त्यांच्यासाठी मद्यासारखी ठरलेली मर्यादा नाही. संशयित चालकाची लाळ जागेवर तपासून पुढे रक्ताची खात्री करणारी व्यवस्था या शहराला लागेलच. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही डोळे जड होतात. ‘गाडी चालवू नका’ हे वाक्य आम्ही डॉक्टरांनी चिठ्ठीवर ठळक लिहिलं पाहिजे.

पण मूळ प्रश्न घरी जाण्याचा आहे. 2017 साली महामार्गांलगतच्या दारूविक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने घातलेल्या बंदीमुळे एम. जी. रोड, ब्रिगेड रोडचे बार बंद झाले. शहरी हद्दीला ती बंदी लागू नाही, असा खुलासा झाल्यावर ते पुन्हा उघडले. त्या सगळ्या गदारोळात पिणारा माणूस घरी कसा जातो, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. जपानने तो विचारला. 2006 मध्ये फुकुओकात मद्यधुंद चालकामुळे तीन मुलं गेली. पुढच्याच वर्षी तिथे चालकाला दारू देणारा, गाडी देणारा आणि ठाऊक असून शेजारी बसणारा, असे तिघेही शिक्षेस पात्र ठरले. ग्राहकाची गाडी त्याच्यासकट घरी पोचवणाऱ्या चालकांची सेवाही तिथे गावोगाव आहे.

कर्नाटक सरकारला मद्यावरील शुल्कातून वर्षाला 35 हजार कोटी रुपयांच्या आसपास मिळतात. त्यातला एक वाटा घरी पोचवण्यावर खर्च व्हावा. 31 डिसेंबरला मेट्रो मध्यरात्रीनंतरही धावते. मग दर शुक्रवारी-शनिवारी ती बार बंद होईपर्यंत का धावू नये? इंदिरानगर, कोरमंगला, एम. जी. रोडवरून बीएमटीसीच्या रात्रबस सुटाव्यात. बारजवळ सोडून गेलेली गाडी सकाळपर्यंत टो होणार नाही, याची हमी मिळावी, कारण गाडीच्या काळजीनेच पुष्कळ जण स्टिअरिंग हातात घेतात. आणि झोकांड्या खाणाऱ्या ग्राहकाच्या हातात व्हॅले किल्ली ठेवतो, तिथे बारचा परवाना निलंबित व्हावा.

ज्या सरकारने एक वाजेपर्यंत दारू विकू दिली, त्याने एक वाजता घरी जायची सोयही केली पाहिजे. ती होईपर्यंत काम तुमच्या-माझ्याकडे आहे. टेबलावरचा मित्र किल्ली उचलून निघाला, तर ती काढून घ्या आणि त्याला रिक्षात बसवा. तो चिडेल, चिडू द्या.