बुडालेली नगरे की बुडालेला विवेक?

समुद्राच्या पोटात एखादे प्राचीन नगर सापडल्याची वार्ता आली की आमच्या सुशिक्षित मंडळींना जो हर्षवायू होतो, तो खरोखर चिंता करण्याजोगा आहे. २००१ च्या मे महिन्यात खंबायतच्या आखातात असेच एक नगर ‘सापडले’. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने ध्वनियंत्रांनी आखाताच्या तळाची चित्रे घेतली होती. त्यांत सरळ रेषा व चौकोन दिसले, आणि केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी ह्यांनी शोधाची घोषणा केली. पुढे तळ खरवडून वर आणलेल्या वस्तूंपैकी एका लाकडाच्या तुकड्याचे वय सुमारे साडेनऊ हजार वर्षे निघाले, आणि तेवढ्यावर नगरही तितकेच जुने ठरले!

ह्या अनुमानास काय म्हणावे? खंबायतच्या भरती-ओहोटीचा जोर दर्यावर्दी लोकांस ठाऊक आहे. तेथील प्रवाह गाळ, वाळू, लाकूड, खापर सारेच इकडचे तिकडे नेतात. गोदावरीच्या पुरात वाहून आलेल्या ओंडक्यावरून काठच्या वाड्याचे वय कोणी ठरवू लागला, तर आपण त्यास हसू. मग तीच रीत समुद्रात शास्त्र कशी ठरते?

दोष यंत्राचा नाही. जहाजामागून ओढलेले एक यंत्र दोहो बाजूंस ध्वनीचे स्पंद सोडते. पाण्यात ध्वनी सेकंदास सुमारे १,५०० मीटर जातो. प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर कळते, आणि त्याच्या तीव्रतेवरून तळ खडकाळ आहे की चिखलाचा, ह्याचा अंदाज बांधता येतो. दुसरे यंत्र एकाच वेळी अनेक शलाका सोडून खोलीचा नकाशा काढते. तिसऱ्याचा ध्वनी चिखलातही शिरतो व गाडली गेलेली नदीपात्रे दाखवितो. पण ती रेषा कोणी आखली आणि केव्हा, हे ह्यांपैकी एकही यंत्र सांगत नाही. त्यासाठी तळात नळी रुतवून थर जसेच्या तसे वर आणावे लागतात, आणि त्यांतील शिंपल्यांचे वा वनस्पतींच्या अवशेषांचे वय किरणोत्सारी कार्बनावरून ठरवावे लागते. चित्र हा प्रश्न आहे. उत्तर थरांत आहे.

कोणी म्हणेल, ‘अहिल्यानगर जिल्ह्यास समुद्र नाही, आम्हांस ह्याचे काय?’ परंतु हाच धडा ह्या जिल्ह्याने साऱ्या देशास दिला आहे. नेवासे येथे १९५४ ते १९५६ ह्या काळात डॉ. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थरामागून थर उलगडून माणसाचा इतिहास वाचला. उलट प्रवरेकाठच्या दायमाबादेस १९७४ साली झाडाचे मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशी चार अप्रतिम धातुशिल्पे मिळाली. ती थरांतून रीतसर निघाली नव्हती. म्हणून डॉ. साळी ह्यांनी ती उत्तर-हडप्पा काळात घातली, तर धातूतील सोमलाच्या प्रमाणावरून डॉ. अग्रवाल ह्यांनी त्या काळाविषयीच शंका घेतली. हातात धरता येणाऱ्या, वजनदार शिल्पांची ही कथा. मग कागदावरच्या छायेला सहस्रकांचे वय कोणत्या आधाराने द्यावे?

अशी शंका घेणे म्हणजे स्वदेशाच्या प्राचीनत्वाचा अवमान, असाही एक आक्षेप आहे. पण कच्च्या पायावर उभारलेला अभिमान पहिल्याच परीक्षेत कोसळतो, आणि त्याबरोबर खऱ्या संशोधनाचीही पत जाते. हीच ह्या प्रकरणातील मोठी हानी होय.

कारण खरा चमत्कार तर आपल्यापुढेच आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी तळाचे नकाशे व गाळाचे नमुने ह्यांची सांगड घालून दाखविले की, सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्याचा समुद्र आजच्याहून सुमारे १०० मीटर खाली होता. मुंबईसमोरचा दोनशे किलोमीटरांहून रुंद असा उथळ तळ त्या काळी बराचसा कोरडा होता. खुद्द मुंबईत एकोणिसाव्या शतकात प्रिन्सेस गोदी खणताना खैराची झाडे चिखलात मुळांवर उभी सापडली. त्या कोरड्या भूमीवर माणसे वावरली असतील काय? प्रश्न रास्त आहे, आणि नकाशा हाती असला तर कोठे शोधावे हेही कळते. शिवाय समुद्र पुन्हा चढत असलेल्या आजच्या काळात तो पूर्वी किती वेगाने चढला, हे जाणणे कोकणातील प्रत्येक गावाच्या हिताचे आहे. ह्या कामास नगराची झालर कशाला हवी?

तेव्हा पुढची घोषणा होईल, त्या दिवशी वाचकांनी तीनच गोष्टी मागाव्या: मूळ चित्रे कोठे प्रसिद्ध झाली, वस्तू कोणत्या थरातून निघाली, आणि वय कशाचे काढले? उत्तरे मिळेपर्यंत टाळ्या राखून ठेवाव्या. सहस्रावधी वर्षे पाण्याखाली राहिलेला किनारा आणखी चार वर्षे थांबेल. घाई त्याला नाही, आपल्याला आहे.