रिबाउंड कमी, म्हणून सेंटर बाद?

सात फुटी तरुण सेंटर सामन्याला सहाच रिबाउंड (चुकलेल्या शॉटचे चेंडू) घेऊ लागला, की एनबीएत त्याच्यावर शिक्का बसतो: पोरात जिगर नाही. उंची आहे, हात लांब आहेत, तरी चेंडू मिळत नाही म्हणजे तो अंगचोर. आणि अंगचोर सेंटरला व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये भवितव्य नाही. समालोचक हे बोलतात, प्रेक्षक माना डोलावतात. मला हा हिशेब मुळातच चुकलेला वाटतो, आणि त्यापायी गुणी पोरांची उमेदीची वर्षं टोमणे ऐकण्यात जातात याची चीड येते.

ब्रुक लोपेझचंच घ्या. 2008 च्या ड्राफ्टमध्ये न्यू जर्सी नेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या दोन मोसमांत त्याची रिबाउंडची सरासरी आठाच्या वर होती. 2010-11 मध्ये ती सहावर घसरली आणि टीकेची झोड उठली. पण त्या आधीच्या उन्हाळ्यात तो मोनोन्यूक्लिओसिसने आजारी होता. त्याच्या शेजारी क्रिस हम्फ्रीज सामन्याला दहा रिबाउंड ओढत होता. आणि लोपेझ त्या मोसमात 82 पैकी 82 सामने खेळला, वीसच्या वर गुणांची सरासरी राखून. अंगचोर माणूस असा खेळतो?

रिबाउंड म्हणजे नुसती उडी नव्हे. शॉट सुटला की चांगला सेंटर आधी चेंडूकडे बघत नाही, आपल्या वाट्याचा प्रतिस्पर्धी गडी शोधतो. त्याच्याकडे पाठ करतो, गुडघे वाकवून खाली बसतो, कंबर त्याच्या मांड्यांना भिडवतो आणि त्याला इंचाइंचाने रिंगपासून लांब रेटतो. हा बॉक्स आउट. तेवढ्यात मागून फॉरवर्ड येतो, मोकळ्या जागेत चेंडू उचलतो आणि रिबाउंड त्याच्या नावावर लागतो. ओक्लाहोमा सिटीत स्टीव्हन अ‍ॅडम्सने हे काम वर्षानुवर्षं केलं. त्याचा तिथला सहकारी रसेल वेस्टब्रुकने 2016-17 मध्ये सामन्याला 10.7 रिबाउंड घेतले, त्यात अ‍ॅडम्सच्या पाठीचाही वाटा होता. शिवाय रिंगपाशी शॉट अडवायला झेपावणारा सेंटर आपला गडी सोडूनच जातो. शॉट चुकवला त्याने, चेंडू पडला दुसऱ्याच्या हातात. 2023 चा सर्वोत्तम बचावपटू जॅरेन जॅक्सन ज्युनियर आणि त्या मतदानात दुसरा आलेला, पस्तिशीतला लोपेझ, या दोघांचीही त्या मोसमातली रिबाउंडची सरासरी सातच्या खाली होती.

लोपेझ 2018 मध्ये मिलवॉकीला गेला. त्या मोसमात त्याचे रिबाउंड पाचहूनही कमी, आणि त्याच मोसमात रिबाउंडमध्ये त्याचा संघ लीगमध्ये पहिला! साठ सामने जिंकले. यानिस अँटेटोकुन्पो बारा-साडेबारा रिबाउंड घेत होता, कारण समोरचा धिप्पाड गडी लोपेझच्या पाठीशी अडकलेला असे. 2021 मध्ये हाच संघ विजेता झाला.

आता उलटं उदाहरण. आंद्रे ड्रमंड चार मोसमांत लीगमध्ये रिबाउंडमध्ये अव्वल होता. डिट्रॉइट त्याच्या काळात दोनदाच प्लेऑफला पोहोचलं आणि दोन्ही वेळा एकही सामना न जिंकता परतलं. 2020 च्या फेब्रुवारीत त्याला क्लीव्हलँडला देताना बदल्यात काय आलं? दोन खेळाडू आणि दुसऱ्या फेरीतली एक निवड. जो रकाना बघून बाहेरचे लोक पोरांना पास-नापास करतात, त्याला खुद्द बाजारानेच एवढीशी किंमत दिली.

यावर विरोधक जलील ओकाफोरचं नाव पुढे करतात, आणि ते नाव वजनदार आहे. 2015 च्या ड्राफ्टमध्ये तिसरा, पहिल्याच मोसमात 17.5 गुण, आणि काही वर्षांतच लीगमधली जागा गेली. पण त्याच्या त्या मोसमातल्या रिबाउंडची सरासरी सात होती, टीकेखालच्या लोपेझपेक्षा एकाने जास्त. नडला तो बचाव. फिलाडेल्फियाने त्या मोसमात दहाच सामने जिंकले. एकाचे सहा आणि दुसऱ्याचे सात, एवढ्यावरून यांतला कोण टिकेल हे कुणालाही सांगता आलं नसतं. सांगता आलं असतं ते सामन्याची फिल्म बघून: शॉट सुटला त्या क्षणी हा पोरगा कुणाला भिडला होता, आणि तो मैदानात असताना चुकलेले शॉट कुणाच्या संघाकडे जात होते.