जुन्या रिळांतील अमेरिका : दिसलेली आणि दडवलेली

विसाव्या शतकातील अमेरिकेविषयीचा कोणताही माहितीपट पाहिला, तरी त्यात काही दृश्ये हमखास येतात. मंदीच्या काळात फुकट सूपसाठी लागलेल्या रांगा, न्यू जर्सीतील लेकहर्स्ट येथे १९३७ मध्ये पेटून कोसळणारे ‘हिंडेनबर्ग’ हवाईजहाज, पर्ल हार्बरमध्ये धुरात वेढलेल्या युद्धनौका, १९४५ मधील विजयोत्सव. यातील बरेचसे चित्रण मुळात चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखविल्या जाणाऱ्या वार्तापटांसाठी, म्हणजेच न्यूजरीलसाठी झालेले आहे. इंटरनेटमुळे ते आज घरबसल्या पाहता येते आणि ‘प्रत्यक्ष चित्रण’ म्हणून त्यावर विश्वासही चटकन बसतो. तथापि, ते कोणी निवडले, कोणी कापले आणि कोणी कुलूपबंद ठेवले, याची चौकशी केल्याशिवाय त्याला पुरावा मानणे धोक्याचे आहे.

दूरचित्रवाणी येण्यापूर्वी पाथे, फॉक्स मूव्हीटोन, हर्स्ट, पॅरामाउंट आणि युनिव्हर्सल या पाच कंपन्यांचे वार्तापट अमेरिकेत आठवड्यातून दोनदा प्रदर्शित होत. सुमारे दहा मिनिटांच्या रिळात राष्ट्राध्यक्षांचे भाषण, पूर, सौंदर्यस्पर्धा आणि बेसबॉल असा सगळा मसाला असे. हे वार्तापट विकत घेणारा ग्राहक होता चित्रपटगृहाचा मालक, आणि करमणुकीसाठी तिकीट काढून आलेला प्रेक्षक अस्वस्थ व्हावा, अशी त्याची इच्छा असण्याचे कारण नव्हते. कृष्णवर्णीय अमेरिकनांचे रोजचे जगणे या पडद्यावर जवळजवळ नव्हतेच.

या व्यवस्थेचे खरे स्वरूप शिकागोतील एका घटनेने उघड केले. ३० मे १९३७ रोजी रिपब्लिक स्टील कारखान्याच्या संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात दहा जणांचा मृत्यू झाला. जमावाने हल्ला केल्यामुळे स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडाव्या लागल्या, असे पोलिसांचे म्हणणे होते आणि अनेक वृत्तपत्रांनी तेच छापले. पॅरामाउंटचा कॅमेरामन ऑर्लँडो लिपर्ट मात्र घटनास्थळी हजर होता. पाठ फिरवून पळणारी माणसे, खाली पडलेल्यांवर चाललेल्या लाठ्या हे सारे त्याच्या फिल्मवर उतरले होते. ही फिल्म दाखविल्यास चित्रपटगृहांत दंगल उसळेल, असे कारण देऊन कंपनीने ती अडवून ठेवली. पुढे सिनेटर रॉबर्ट ला फॉलेट यांच्या नागरी स्वातंत्र्यविषयक समितीने ती ताब्यात घेतली, तिचे वर्णन वृत्तपत्रांत आले, आणि मगच ती लोकांसमोर आली. दहापैकी सात जणांना पाठीत गोळी लागली होती, असे समितीच्या चौकशीत निष्पन्न झाले. एकाही पोलिसावर खटला झाला नाही, हा भाग वेगळा.

विशेष म्हणजे, गोळीबार सुरू झाला नेमक्या त्याच क्षणी लिपर्ट भिंग बदलत होता, त्यामुळे ते काही सेकंद फिल्मवर नाहीत. पहिली ठिणगी कशी पडली, याचे उत्तर त्या फिल्ममध्ये शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तरीही पोलिसांची बाजू कोसळली, याचे कारण समितीने फिल्मबरोबरच साक्षी आणि शवविच्छेदनाचे अहवाल एकत्र ठेवून पाहिले. १९९७ मध्ये या चित्रणाचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत करण्यात आला.

युद्धकाळात निवडीचा अधिकार सरकारकडे गेला. अमेरिकी सैनिकांचे मृतदेह दाखवायचे नाहीत, हे धोरण १९४३ च्या उत्तरार्धापर्यंत कसोशीने पाळले गेले. जनतेत ढिलाई आल्याची चिंता वाढली, तेव्हा ते बदलले. नोव्हेंबर १९४३ मधील तरावा बेटावरील लढाईच्या माहितीपटात पाण्यात तरंगणारे मरीन सैनिकांचे देह दिसले ते राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या संमतीने. थोडक्यात, मृतदेह लपविण्यामागे जसा हिशेब होता, तसाच दाखविण्यामागेही होता. हिरोशिमा-नागासाकीच्या बाबतीत तर लपविण्याचाच हिशेब दोन दशके टिकला. जपानी छायाचित्रणकारांनी तेथे केलेले चित्रण अमेरिकेने ताब्यात घेतले, ते १९६७ मध्ये जपानला परत मिळाले. अमेरिकी पथकाने १९४६ मध्ये केलेले रंगीत चित्रणही दीर्घकाळ गोपनीय होते.

पर्ल हार्बरची कथा आणखी निराळी आहे. ७ डिसेंबर १९४१ च्या प्रत्यक्ष हल्ल्याचे अस्सल चित्रण फार थोडे आहे. जॉन फोर्ड आणि ग्रेग टोलंड यांनी नौदलासाठी केलेल्या ‘डिसेंबर सेव्हन्थ’ या चित्रपटात कित्येक प्रसंग नव्याने उभे करून चित्रित केले गेले. त्याच्या छोट्या आवृत्तीला ऑस्करही मिळाले. हे उभे केलेले प्रसंग पुढे कित्येक माहितीपटांत खरे म्हणून वापरले गेले आणि आजही वापरले जातात. ‘हिंडेनबर्ग’च्या चित्रणावर ऐकू येणारा निवेदक हर्बर्ट मॉरिसन यांचा रडवेला स्वरही रेडिओसाठी स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित झालेला आहे. तो चित्राला नंतर जोडण्यात आला.

जे उरले आहे, तेही योगायोगाने. १९२९ ते १९६७ या काळातील युनिव्हर्सलचे वार्तापट कंपनीने सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला हक्कांसह देऊन टाकले. मात्र ७ डिसेंबर १९७८ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरच्या स्मृतिदिनीच, मेरीलँडमधील सूटलंड येथील गोदामाला आग लागली आणि सुमारे १ कोटी २६ लाख फूट फिल्म जळून गेली. पडद्यावर ती सलग दाखवायची म्हटली, तर २,३०० तासांहून अधिक वेळ लागला असता. त्या काळातील नायट्रेट फिल्म ज्वलनशील असते, जळताना स्वतःच प्राणवायू निर्माण करते, त्यामुळे पाण्यानेही विझत नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील गोदामात लागलेल्या आगीत भारतीय चित्रपटांचा असाच ठेवा नष्ट झाला, हे मराठी वाचकांना आठवत असेल.

उरलेल्या रिळांपैकी युनिव्हर्सलचीच रिळे सर्वत्र दिसतात, कारण त्यांना हक्काचे शुल्क नाही. फॉक्स मूव्हीटोनचा मोठा संग्रह साउथ कॅरोलिना विद्यापीठात आहे आणि हर्स्टचा लॉस एंजलिसच्या विद्यापीठात. तेथील दृश्य घ्यायचे तर परवानगी हवी. परिणामी अल्प खर्चात माहितीपट करणारा निर्माता युनिव्हर्सलकडे वळतो आणि एकाच कंपनीच्या संपादकाने निवडलेली अमेरिका प्रेक्षकांना संपूर्ण अमेरिका वाटू लागते.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने जुन्या रिळांना रंग, गती आणि पार्श्वध्वनी चढविले जात आहेत. मूळ चौकटीत नसलेले तपशील संगणक आपल्या अंदाजाने भरतो आणि पाहणाऱ्याला ते समजतही नाही. संपूर्णपणे बनावट ‘जुने’ चित्रण तयार करणेही कठीण राहिलेले नाही. अशा वेळी मूळ रीळ, न वापरलेले तुकडे आणि चित्रण कोठे, कधी व कशाचे केले याची सोबतची टिपणे, या तीन गोष्टींना पूर्वी नव्हते इतके महत्त्व आले आहे. युनिव्हर्सलच्या वार्तापटांचे कागदही राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेले आहेत. इंटरनेटवर फिरणाऱ्या चित्रफितींबरोबर मात्र ते क्वचितच येतात.