घरी घ्यायचे इंजेक्शन, आपली जबाबदारी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. वंध्यत्वाच्या उपचारांतली एफएसएच, एचएमजीची काही इंजेक्शने २ ते ८ अंशांतच ठेवावी लागतात. काही ठरावीक मुदतीपुरती २५ अंशांपर्यंत चालतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात २५ अंशांची खोली एसीशिवाय मिळत नाही. तरीही ‘बाहेर राहिले तर चालेल’ असे आपण डॉक्टर सहज सांगून टाकतो.

घरी इंजेक्शन घेण्याला आमचा विरोध नाही. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटहून येणाऱ्या स्त्रीने रोज नागपुरातली धंतोली गाठावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण औषध लिहून देताना तिचे घर विचारात घ्यायला हवे. फ्रिज आहे का? वीज किती वेळ जाते? सुई कोण टोचणार? प्रवासात औषध बर्फाला थेट चिकटू नये, कारण गोठलेले औषध वापरता येत नाही, हेही सांगायला हवे.

मोजमापातली चूक अधिक घातक. इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या खुणा इन्सुलिनच्या युनिटच्या असतात. एफएसएचचे ७५ युनिट त्या खुणांवर मोजता येत नाहीत. मल्टिडोज व्हायलसाठी सोबत आलेलीच सिरिंज वापरायची, हे दाखवून द्या आणि पहिला डोस तिच्याच हातून आपल्यासमोर भरून घ्या.

ट्रिगरच्या म्हणजे शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी स्त्रीबीजे काढायची असतात. ‘शनिवारी रात्री साडेबारा’ म्हणजे नेमकी कोणती रात्र, यावरून घरी घोळ होतो आणि सगळे चक्र वाया जाऊ शकते. तारीख, वार, वेळ मराठीत लिहून द्या. पोट फुगणे, वजन झपाट्याने वाढणे, लघवी कमी होणे, धाप लागणे ही ओएचएसएसची (अंडाशयांच्या अतिउत्तेजनाची) लक्षणेही त्याच कागदावर हवीत आणि त्याखाली रात्री उचलला जाणारा फोन नंबर. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून पुढच्या भेटीत आपणच परत घ्याव्यात. घंटागाडीवरच्या कामगाराचा हात त्यांनी जखमी होता कामा नये.

धोके आणि दुष्परिणाम समजावून सांगणे २०२१च्या एआरटी (साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने केंद्रांवर बंधनकारक केले आहे. संमतिपत्रावरची सही म्हणजे समजावणे नव्हे. प्रत्येक केंद्राने या कामासाठी एक प्रशिक्षित सिस्टर नेमावी आणि तिला प्रत्येक जोडप्यासाठी पुरेसा वेळ द्यावा. उन्हाळा तोंडावर आहे. ही व्यवस्था त्याआधीच उभी राहिली पाहिजे.