विश्लेषण : तिरंदाजी संघटनेच्या खुर्चीत तिरंदाज का हवा?

ऑगस्ट २०१९ मध्ये जागतिक तिरंदाजी संघटनेने भारतीय तिरंदाजी संघटनेला निलंबित केले. कारण मैदानावरचे नव्हते. संघटनेच्या दोन गटांनी वेगवेगळ्या निवडणुका घेऊन दोन अध्यक्ष निवडले होते. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये बँकॉकला दीपिका कुमारीने ऑलिम्पिक कोटा मिळवला, तो तिरंग्याखाली नव्हे तर तटस्थ खेळाडू म्हणून.

वाद एवढा का चिघळला?

१९७३ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे अध्यक्षपद सुमारे चार दशके विजयकुमार मल्होत्रा यांच्याकडे होते. वय आणि कार्यकाळाचे नियम न पाळल्याने २०१२ मध्ये क्रीडा मंत्रालयाने मान्यता काढली. जानेवारी २०२० मध्ये फेरनिवडणूक झाली. राजकारणी अर्जुन मुंडा अध्यक्ष, तर अमरावतीचे प्रमोद चांदुरकर सरचिटणीस झाले. लगेचच निलंबन सशर्त उठले. मंत्रालयाची मान्यता मात्र त्याच वर्षअखेरीस, आठ वर्षांनी परत मिळाली.

गावातल्या खेळाडूचा याच्याशी काय संबंध?

मुळशीतल्या मुठा गावच्या एखाद्या मुलीने उद्या धनुष्य हाती घेतले, तर तिची वाट जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि मग राष्ट्रीय संघटना अशीच आहे. परदेशातील स्पर्धेची प्रवेशिका राष्ट्रीय संघटनाच पाठवते. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेते झाले. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिक खेळला. वरची पायरी तुटली की खालचे सगळेच अडकतात.

खेळाडू पदावर आला की प्रश्न सुटतो?

आपोआप नाही. मुंबईचे आदिल सुमारीवाला १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये धावले, २०१२ मध्ये भारतीय ॲथलेटिक्स महासंघाचे अध्यक्ष झाले आणि २०२३ मध्ये जागतिक संघटनेच्या उपाध्यक्षपदी पोहोचले. त्यांच्या कार्यकाळात नीरज चोप्राचे सुवर्ण आले. डोपिंगचा प्रश्न मात्र सुटला नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या जागी माजी गोळाफेकपटू बहादुरसिंग सागू आले. खुर्ची एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे गेली, तीही फूट न पडता. तिरंदाजीला नेमके हेच जमले नव्हते.

नव्या कायद्याने काय बदलेल?

ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानुसार कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ सदस्य असतील. त्यात किमान दोन नामवंत खेळाडू आणि चार महिला हव्यात. निवडणुकांचे वाद क्रीडा न्यायाधिकरणाकडे जातील.

पण पंधरात दोन खुर्च्या शोभेच्याही ठरू शकतात. राष्ट्रीय संघटनेत मते राज्य संघटनांची आणि राज्यात जिल्ह्यांची असतात. म्हणून निवृत्त तिरंदाजाला पहिली जागा दिल्लीत नव्हे, जिल्हा संघटनेत मिळायला हवी, तीही मताच्या अधिकारासह. निवड चाचणीची तारीख ऐनवेळी बदलली की काय होते, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.