होडीच्या इंजिनाला शर्यतीचे माप

वाळवंटातल्या शर्यतीत धावणारी क्वाड बाइक आणि गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावरून समुद्रात लोटली जाणारी होडी यांची नावे एका वाक्यात सहसा येत नाहीत. इंजिनाच्या अंगाने पाहिले तर मात्र दोघींचा शत्रू एकच आहे, तो म्हणजे वाळू. डकार रॅलीत २००९ ते २०२४ या काळात क्वाडचा स्वतंत्र वर्ग होता आणि त्यात यामाहाच्या रॅप्टर ७०० या एकसिलिंडर, ६८६ सीसीच्या गाडीचे वर्चस्व राहिले. असे इंजिन काही हंगाम पिळून निघाल्यावर जाणता चमू ते बंद पडण्याची वाट पाहत नाही. किती तास चालले याची नोंद ठेवून तो ते उघडतो, प्रत्येक भाग मोजतो आणि मगच काय ठेवायचे, काय टाकायचे ते ठरवतो. पेडण्याच्या किनारपट्टीवरच्या आउटबोर्ड इंजिनांनाही हीच शिस्त लागायला हवी आणि ती लावण्याची सोय सरकारने करायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

इंजिन झिजते कसे, हे आधी पाहू. क्वाडमध्ये वाळू हवेवाटे शिरते. फिल्टरमधून निसटलेला बारीक कण तेलाच्या थरात अडकतो आणि पिस्टनच्या प्रत्येक फेरीला सिलिंडरची भिंत घासतो. होडीच्या इंजिनात ती पाण्यावाटे येते. आउटबोर्ड थंड राहते ते समुद्राचेच पाणी ओढून. उथळ पाण्यात, लाटांनी ढवळलेल्या रेतीत ते सुरू केले की पंपाच्या रबरी इम्पेलरची पाती झिजतात आणि पाणी कमी चढू लागते. त्यातच आतल्या वाटांमध्ये मीठ साचत जाते. इंजिन तापते, पिस्टन फुगतो, तेलाचा थर तुटतो आणि सिलिंडरवर ओरखडे उठतात. अशा इंजिनात नुसता नवा पिस्टन आणि रिंगा घातल्या, पण पाण्याच्या वाटा साफ केल्या नाहीत आणि इम्पेलर जुनाच ठेवला, तर पुढच्या हंगामात नेमके तेच ओरखडे नव्या पिस्टनवर दिसतील. खर्च केला खरा, पण दुखणे जिथल्या तिथेच राहिले.

म्हणून मोजणे आले. सिलिंडरचा व्यास वर, मध्ये आणि खाली, तोही काटकोनातल्या दोन दिशांनी घेतला की तो किती निमुळता आणि किती लंबगोल झाला आहे ते कळते. रिंग सिलिंडरमध्ये बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने पाहायची आणि क्रँकचा डगमग डायल गेजवर वाचायचा. लंबगोल झालेल्या सिलिंडरमध्ये नवी गोल रिंग घातली तर ती सगळीकडे टेकत नाही. मग दाब निसटतो, ताकद घटते आणि त्याच अंतराला जास्त इंधन जळते. झीज मर्यादेबाहेर असेल, तर बोअर वाढवून त्या मापाचा मोठा पिस्टन घालणे हाच उपाय. सिलिंडरला आतून कठीण मुलामा असेल, तर तोही मार्ग सरळ नाही. मुलामा पुन्हा चढवावा लागतो किंवा सिलिंडरच बदलावा लागतो. हा निर्णय हजारो रुपयांचा असतो. तो बोटाने चाचपून घेणे होडीमालकावर अन्याय करणारे आहे.

मुरलेल्या मेकॅनिकला आवाजावरूनच सगळे कळते, असा आक्षेप येईल. त्या कानाबद्दल मला मनापासून आदर आहे. बिघाड कुठे आहे हे तो कान अचूक सांगतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागातली झीज मात्र त्याला ऐकू येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुनी टू-स्ट्रोक इंजिने न जळलेले इंधन आणि तेल धुरासोबत बाहेर टाकतात, मग त्यांचे आयुष्य वाढवायचेच कशाला? हे खरे आहे, आणि क्रँककेस मिठाने खाल्ला असेल तर ते इंजिन भंगारातच जावे. पण तसा निकालही मोजल्याशिवाय देता येत नाही. शिवाय नवे फोर-स्ट्रोक घेण्याची ऐपत प्रत्येक घराची आजच नाही. तोपर्यंत समुद्रात जाणारे इंजिन भरवशाचे असणे हा जिवाचा प्रश्न आहे. शर्यतीत इंजिन थांबले तर वेळ जातो. केरीच्या किनाऱ्यापुढे, वारा उलटलेला असताना थांबले तर होडी वाहत जाते.

वेळेची सबबही टिकत नाही. गोव्यात यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. छोट्या इंजिनांच्या पारंपरिक होड्यांना तिच्यातून सवलत असली, तरी खवळलेल्या समुद्रामुळे त्यांनाही बरेच दिवस किनाऱ्यावरच राहावे लागते. त्या दिवसांत पेडण्याच्या सरकारी आयटीआयमध्ये बोअर गेज, मायक्रोमीटर आणि डायल गेज घेऊन बसणारा एक प्रशिक्षक आणि काही विद्यार्थी असावेत. गावचा मेकॅनिक उघडलेले इंजिन घेऊन तिथे येईल, मापे लिहून नेईल आणि बांधणी स्वतःच करेल. प्रत्येक इंजिनाची एक वही असावी, तिच्यात चाललेले तास, मापे आणि बदललेले भाग यांची नोंद राहावी. नव्या इंजिनाच्या खरेदीला सरकारी योजनांतून मदत मिळते; वहीत मापे दाखवणाऱ्या पुनर्बांधणीलाही मत्स्योद्योग खात्याने त्याच तत्परतेने हात द्यावा. मोजणीसाठी लागणारी हत्यारे एका नव्या इंजिनाच्या किमतीत सहज बसतात.