घटनेचा अभ्यास आणि आपला समाज

घटनेतील शब्द घटनाकारांना अभिप्रेत असलेल्या अर्थाने वाचावेत, हे परंपरानिष्ठ घटनाविचाराचे एक प्रमुख सूत्र. अमेरिकेत नवोदित वकिलांना तो शिकविणाऱ्या अभ्यासवृत्ती आहेत.

अशा अभ्यासाची निकड आपल्या समाजाने २०१५ मध्ये अनुभवली. १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखना ही धर्माची अत्यावश्यक प्रथा मानण्यास नकार देऊन तिला आत्महत्या ठरविले. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. अनुच्छेद २५ व २६ मधील धर्मस्वातंत्र्य न्यायासनापुढे मांडण्यास मोर्चे पुरत नाहीत. घटनासमितीतील चर्चा अभ्यासलेले वकील लागतात.

कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहूंनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही आहे. कागलच्या व्यापारी कुटुंबांनी मिळून एका तरुण वकिलाच्या वर्षभराच्या अभ्यासाचा भार उचलल्यास ते खरे शास्त्रदान ठरेल.